फोटोची किंमत कशाची? कागदाची की कष्टाची?

निकाहची तारीख ठरली की घरात कामांची यादी सुरू होते. हॉल, जेवण, कपडे, दागिने, पत्रिका आणि मग फोटोग्राफर. भाव विचारताना आजकाल एक प्रश्न हमखास येतो : "अल्बम नको, फक्त पेनड्राइव्ह द्या. किती कमी होतील?" विचारणाऱ्याचा हिशेब साधा असतो. कागद नाही, छपाई नाही, बाइंडिंग नाही, म्हणजे पैसे निम्म्यावर यायला हवेत. फोटोग्राफर दोन-तीन हजार कमी करतो, तेव्हा समोरच्याला वाटते की हा लुटतो आहे. फोटोग्राफरला वाटते की यांना आपल्या मेहनतीची कदर नाही. दोघेही नाराज होऊन घरी जातात.

हा प्रश्न फक्त नवरा-नवरीच्या घरचा नाही. आपल्या समाजातील कितीतरी तरुण या धंद्यात आहेत. कुणी मोठ्या भावाच्या स्टुडिओत हाताखाली शिकला, कुणी कर्ज काढून कॅमेरा घेतला. अलीकडे मुलीही या कामात येत आहेत. त्यातले अनेकजण तीन-चार वर्षांत धंदा बंद करतात. काम मिळत नाही म्हणून नव्हे. काम भरपूर असते, पण कशाचे किती घ्यायचे हे ठरलेले नसते. म्हणून फोटो काढून घेणारी कुटुंबे आणि फोटो काढणारे हात, दोघांनीही हा हिशेब एकदा नीट समजून घेणे गरजेचे आहे.

कागदाच्या आड लपलेली मजुरी

रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. रोल विकत घ्यायचा, लॅबमध्ये धुवायचा आणि मग पोस्टकार्ड साइजच्या कॉपी काढायच्या. गिऱ्हाईक कॉपीचे पैसे देई. मामाला एक, खालाला एक, नवरीच्या माहेरी एक. जितक्या कॉपी तितके पैसे. स्टुडिओवाल्याची मजुरी, दुकानाचे भाडे, कॅमेऱ्याची झीज हे सगळे त्या कॉपीच्या भावात मिसळलेले असे. वेगळे कुणी मागत नव्हते आणि वेगळे कुणी सांगतही नव्हते. निगेटिव्ह स्टुडिओत राहिली की पाच वर्षांनी नवी कॉपी काढायलाही गिऱ्हाईक त्याच दारात येई.

डिजिटल कॅमेरा आला आणि दोन गोष्टी बदलल्या. रोलचा खर्च संपला, त्यामुळे एका लग्नात दोनशेऐवजी दोन-तीन हजार फोटो निघू लागले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉपी फुकट झाली. एक फाइल शंभर मोबाइलवर गेली तरी एक पैसाही खर्च होत नाही. ज्या कॉपीच्या भावात फोटोग्राफर आपली मजुरी वसूल करत होता, ती कॉपीच नाहीशी झाली. मजुरी मात्र होती तिथेच आहे, उलट वाढली आहे, कारण दोनशे फोटो निवडणे आणि तीन हजार फोटो निवडणे यात फार फरक आहे.

म्हणून आज ज्याचा भाव कागदावर अवलंबून आहे तो फोटोग्राफर अडचणीत येतो. कामाचा भाव आधी आणि वेगळा काढावा लागतो. प्रिंट आणि फाइल यांचा भाव त्यानंतर.

एका लग्नाचा खरा खर्च

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलावेत.

समजा, तालुक्याच्या गावी एक तरुण स्टुडिओ चालवतो. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश आणि कॉम्प्युटर मिळून साडेचार लाख रुपये लागले. हे सामान पाच वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला ९०,००० रुपये झीज. पाच वर्षे हा अंदाज उदार आहे. मधल्या किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या शटरचे आयुष्य दीड ते दोन लाख क्लिक सांगितले जाते. एका लग्नात तीन हजार क्लिक धरले तर पन्नास लग्नांत दीड लाख होतात. दुकानाचे भाडे महिना ८,००० म्हणजे वर्षाला ९६,०००. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, दुरुस्ती मिळून ५४,०००. ही बेरीज २,४०,००० रुपये झाली. घर चालवायला महिन्याला २५,००० लागतात, म्हणजे ३,००,०००. एकूण ५,४०,०००.

आता वर्षात कामे किती? रमजानमध्ये लग्ने जवळजवळ होत नाहीत, मोहरममध्ये फार कमी होतात आणि पावसाळ्यात कोकणात हंगाम थंड असतो. काम सुट्ट्यांच्या आणि थंडीच्या महिन्यांत एकवटते. वर्षाला तीस लग्ने मिळाली तर चांगले मानावे. ५,४०,००० भागिले ३० म्हणजे प्रत्येक लग्नामागे १८,००० रुपये. त्यात दोन दिवसांच्या मदतनीसाचे ३,०००, प्रवासाचे १,००० आणि हार्डडिस्क, मेमरी कार्ड, बॅटरीचे १,००० मिळवा. २३,००० रुपये झाले, आणि अजून कागदाचा एक तुकडाही छापलेला नाही.

अल्बमला लॅबचा आणि डिझाइनचा खर्च ८,५०० येतो असे धरू आणि फोटोग्राफर अल्बमचे १४,००० घेतो. म्हणजे पूर्ण कामाचा भाव ३७,०००. आता गिऱ्हाईक म्हणते, अल्बम काढून टाका आणि १८,००० घ्या. अल्बम काढल्याने फोटोग्राफरचे वाचतात फक्त ८,५००. १८,००० ला काम घेतले तर प्रत्येक लग्नात त्याच्या खिशातून ५,००० जातात. हंगामात हातात रोख खेळत असल्याने हे लगेच कळत नाही. कॅमेरा बिघडतो आणि नवा घ्यायला पैसे नसतात, तेव्हा कळते.

अल्बम नको म्हणणाऱ्याला या उदाहरणात २३,००० हा भाव प्रामाणिक आहे. त्यापेक्षा कमी मागणे म्हणजे मेहनतीतून कापणे. तसेच अल्बम नको असताना ३५,००० मागणेही चूक आहे. हिशेब मांडला की दोन्ही बाजूंना बोलायला जागा राहते.

फाइल म्हणजे नेमके काय?

"सगळे फोटो द्या" असे म्हणताना गिऱ्हाइकाच्या मनात एक गोष्ट असते आणि फोटोग्राफरच्या मनात दुसरी. फाइल तीन तऱ्हेच्या असतात आणि त्यांची किंमत एकसारखी नसते.

पहिली रॉ फाइल. कॅमेऱ्याने टिपलेला हा कच्चा माल. साध्या मोबाइलवर ती नीट उघडतही नाही, रंग फिके दिसतात, प्रकाश कमी-जास्त असतो. दम न दिलेली बिर्याणी पातेल्यासकट उचलून न्यावी, तसे ते आहे. बहुतेक फोटोग्राफर ती देत नाहीत, कारण कुणीतरी तिच्यावर भडक रंग चढवून पसरवतो आणि नाव फोटोग्राफरचे खराब होते. द्यायचीच असेल तर तिचा भाव वेगळा आणि सर्वांत जास्त असावा.

दुसरी, निवडून आणि रंग-प्रकाश दुरुस्त करून दिलेली पूर्ण आकाराची जेपेग फाइल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ती साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची येते. छपाईसाठी एका इंचाला ३०० पिक्सेल चांगले मानतात. या हिशेबाने तिच्यातून २० बाय १३ इंचांपर्यंत उत्तम प्रिंट निघते. या फाइलमध्ये फोटोग्राफरचे दिवसचे दिवस असतात. गिऱ्हाइकाला खरे तर हीच हवी असते.

तिसरी, मोबाइलवर पाहण्यासाठी लहान केलेली फाइल. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटोही असाच आकसतो. लांबीला १६०० पिक्सेल उरले तर त्यातून जेमतेम पाच इंचांची चांगली प्रिंट मिळते. "फोटो व्हॉट्सॲपवर आलेत, अल्बम नंतर करू" असे म्हणणारी घरे इथे फसतात. करिझ्मा अल्बमचे उघडलेले पान ३६ इंच रुंद असू शकते. त्यावर तो फोटो ताणला तर चेहरे धूसर होतात. मूळ फाइल पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्यावी.

भाव सांगताना या तीन गोष्टींची नावे घेऊन सांगितले तर अर्धी भांडणे होणारच नाहीत.

फाइलचा भाव कसा ठरवावा?

स्टुडिओत ईदच्या दिवशी काढलेल्या घराच्या फोटोचे उदाहरण घेऊ. नवे कपडे घालून आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे येतात. एक चांगला ग्रुप फोटो निघतो. चार भावंडे आहेत आणि प्रत्येकाच्या घरी एक कॉपी जाणार. एका प्रिंटचे ३०० रुपये आणि तिचा खर्च १०० धरला तर चार कॉपींवर स्टुडिओला ८०० रुपये सुटतात. आता त्याच फोटोची पूर्ण आकाराची फाइल १०० रुपयांना विकली तर? पहिला भाऊ फाइल घेईल, बाकीच्यांना पाठवील आणि चौघेही जवळच्या लॅबमध्ये थोडक्या पैशांत कॉपी काढतील. स्टुडिओचे ७०० रुपये गेले.

म्हणून नियम सोपा आहे. एक फाइल जितक्या प्रिंटची विक्री बंद करते, त्यांच्या नफ्यापेक्षा तिचा भाव कमी नसावा. या उदाहरणात फाइल ८०० रुपयांच्या आसपास हवी. फाइलमागे कागद नसला तरी ती हवी तितक्या वेळा छापण्याची मुभा तिच्यासोबत जाते. पैसे त्या मुभेचे आहेत.

गिऱ्हाइकाला हा भाव जड वाटत असेल तर दुसरी रीत वापरावी. ठराविक रकमेच्या, समजा १,२०० रुपयांच्या प्रिंट घेतल्या तर फाइल सोबत मिळेल. घराला कागदही मिळतो, फाइलही मिळते आणि स्टुडिओचा नफाही शाबूत राहतो. फोटो बसवून काढण्याची मजुरी मात्र दोन्ही रीतींत वेगळी आणि आधी घ्यावी. कुणी एकही प्रिंट घेतली नाही तरी तुमचा एक तास आणि तुमची कला खर्च झालेलीच असते.

लग्नाच्या कामात दर फोटोमागे फाइल विकणे जमत नाही. तिथे मूळ कामाच्या भावातच दुरुस्त केलेल्या फाइल धराव्यात आणि किती फोटो मिळतील याचा आकडा सांगावा. 'सगळे' या शब्दाला अंत नसतो. निवडलेले ४०० किंवा ५०० फोटो म्हटले की दोघांनाही कळते. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे आठ-आठ फोटो कुणालाच नको असतात.

प्रिंटचा भाव लॅबच्या बिलावर थोडे वाढवून ठरवणारे पुष्कळ आहेत. त्या बिलात नसलेल्या गोष्टी मोजा : लॅबला जाण्या-येण्याचा किंवा कुरिअरचा खर्च, पॅकिंग, रंग बिघडल्यास पुन्हा छापण्याची जोखीम आणि फोटो त्या आकारात बसवण्याचे काम. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणात असतो. ४ बाय ६ किंवा १२ बाय १८ मध्ये तो तंतोतंत बसतो. तोच ८ बाय १० मध्ये छापायचा तर लांबीतले दोन इंच कापावे लागतात. जाणकार माणूस कापण्याची जागा पाहून ठरवतो. मशीनवर सोडले तर कडेला उभ्या असलेल्या चाचांचे अर्धे अंग जाते. चांगल्या प्रिंटचे पैसे या नजरेचे असतात आणि हे गिऱ्हाइकाला दाखवून द्यायला हरकत नाही. दुकानात एकाच फोटोच्या दोन प्रिंट, एक मशीनने कापलेली आणि एक नीट बसवलेली, शेजारी शेजारी लावाव्यात. फार बोलावे लागत नाही.

अल्बमच्या भावात शीट आणि पान यांचा घोळ नेहमी होतो. एका शीटची दोन पाने धरतात. "चाळीसचा अल्बम" म्हणजे चाळीस शीट की चाळीस पाने, हे आधी विचारा आणि आधी सांगा. शीटचा आकार, मॅट की ग्लॉसी, बॉक्स सोबत की वेगळा, तेही लिहून घ्या.

रखडलेला अल्बम

या धंद्यातली एक मोठी डोकेदुखी म्हणजे रखडलेले अल्बम. लग्न होते, पेनड्राइव्ह घरी जाते, फोटो मोबाइलवर पाहून होतात. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचे असतात. नवरी सासरी गेलेली, नवरा परत दुबईला गेलेला, सासूबाईंना वेळ नाही. सहा महिने जातात, वर्ष जाते. फोटोग्राफरची शेवटची रक्कम अडकते. दोन वर्षांनी कुणीतरी यादी घेऊन येते, तोवर लॅबचे दर वाढलेले असतात. मग पुन्हा वाद.

उपाय पैशांच्या टप्प्यांत आहे. तारीख पक्की करताना एक भाग, समारंभाच्या दिवशी दुसरा, फाइल हातात देताना मूळ कामाची उरलेली सगळी रक्कम. अल्बमचे पैसे वेगळे ठेवावेत आणि ते निवडीची यादी येईल तेव्हा घ्यावेत. यादीला साठ दिवसांची मुदत असावी. मुदत गेली तर अल्बमचा भाव त्या वेळच्या दराने, किंवा निवड फोटोग्राफर करील, यांपैकी जे ठरेल ते आधीच लिहावे. कुटुंबाच्याही हे फायद्याचे आहे. ज्या घरात साठ दिवसांत अल्बम होत नाही, त्या घरात तो बहुतेक होतच नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

अनेक तरुण फोटोग्राफर परदेशी व्हिडिओ पाहून धंद्याचे नियम शिकतात. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फोटोग्राफरने काढलेल्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडे राहतो आणि गिऱ्हाइकाला छापण्याची परवानगी द्यावी लागते. ते ऐकून आपल्याकडेही काहीजण "कॉपीराइट आमचा आहे" असे ठणकावून सांगतात.

भारतात गोष्ट उलटी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला कॉपीराइट मालक तो काढून घेणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच यात बदल होतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन निकाहचे फोटो काढून घेतले आणि दुसरे काही ठरले नाही, तर त्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा. फोटो काढणारा त्याचा कर्ता राहतो. आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या कामाची विटंबना झाली तर हरकत घेण्याचा त्याचा हक्क कलम ५७ मध्ये राखलेला आहे. पण नवरीचा फोटो दुकानाच्या काचेत किंवा इन्स्टाग्रामवर लावायचा तर घरच्यांची परवानगी हवी.

याचा अर्थ फोटोग्राफरने हात टेकावेत असा नाही. रॉ फाइल द्यायची की नाही, किती फोटो द्यायचे, जाहिरातीसाठी कोणते वापरायचे, हे सगळे करारात ठरवता येते. एखादे कुटुंब चार फोटो जाहिरातीला वापरू देत असेल तर त्याबद्दल थोडी सवलत देणे हा सरळ व्यवहार आहे. न विचारता वापरणे हा व्यवहार नव्हे.

घरातल्या बायकांचे फोटो

आपल्या घरांमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे. मेहंदीच्या रात्री, बायकांच्या मेळ्यात काढलेले फोटो कुणाच्या हाती जातील, ही काळजी जुनी आहे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला होता. तो चालवायला एक इंग्रज बाई नेमल्या होत्या. पडद्यातल्या स्त्रियांना निर्धास्तपणे फोटो काढून घेता यावेत म्हणून ही सोय होती. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका हुशार व्यावसायिकाला कळले होते की विश्वासालाही गिऱ्हाईक असते.

आज काचेच्या निगेटिव्हऐवजी फाइल आहे आणि फाइलला पाय फुटायला वेळ लागत नाही. कॅमेऱ्यातून कार्ड, कार्डातून कॉम्प्युटर, तिथून अल्बम डिझाइन करणारा, तिथून लॅब. बहुतेक घरांना हा प्रवास माहीतच नसतो. म्हणून विचारावे. डिझाइन स्टुडिओतच होते की बाहेर पाठवता? फोटो लिंकवर टाकणार की हातात देणार? लिंकला पासवर्ड असेल का आणि ती कधी बंद होईल? काम संपल्यावर तुमच्याकडची प्रत किती महिने ठेवणार? बायकांच्या समारंभाचे फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर मिळतील का?

जो फोटोग्राफर ही सगळी सोय देतो, त्याला जादा वेळ आणि जादा सामान लागते. त्याचे पैसे मागणे योग्य आहे आणि ते देणेही योग्य आहे. इथेच आपल्या मुलींना संधी आहे. बायकांच्या समारंभासाठी बाई फोटोग्राफर हवी असलेली घरे कितीतरी आहेत. त्यांनी मात्र "मुलगी आहे, शिकते आहे, कमी घेईल" या समजुतीला बळी पडू नये. कॅमेऱ्याचा हप्ता मुलगी आहे म्हणून कमी होत नाही.

टिकते काय, पोचते काय?

फाइल आणि कागद यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. फाइल पोचते. दम्माम किंवा कुवेतला रजा न मिळालेला भाऊ बहिणीची रुखसती त्याच रात्री पाहू शकतो. कोकणातल्या ज्या घरांतली अर्धी माणसे आखातात आहेत, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. कागद टिकतो. चांगल्या फोटो-कागदावरची प्रिंट बंद अल्बममध्ये, उन्हापासून आणि दमटपणापासून जपली तर अनेक दशके राहते आणि ती पाहायला वीज, पासवर्ड किंवा केबल लागत नाही. वीस वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो सीडीवर घेतलेल्या घरांनी आज ती सीडी लावायला मशीन शोधून पाहावे.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी बनलेली वस्तू नाही. फाइल घेणाऱ्या प्रत्येक घराने तीन प्रती ठेवाव्यात : एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे किंवा पासवर्ड लावून ऑनलाइन. वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. आणि पूर्ण अल्बम परवडत नसेल तर निदान पंचवीस-तीस फोटो छापून घ्यावेत. फोटोग्राफरनेही मोठा अल्बम किंवा काहीच नाही असे दोनच पर्याय ठेवू नयेत. तीस प्रिंटचा छोटा संच बऱ्याच घरांना परवडतो आणि नफ्याच्या दृष्टीने तो वाईट नाही.

लिहून ठेवा

उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट आहे. तरी लग्नाच्या गडबडीत "घरचेच आहेत, काय लिहायचे" असे म्हणून आपण सगळे तोंडी ठेवतो. फोटोच्या व्यवहारासाठी एक पान पुरते. त्यावर एवढे असावे :

• कोणते समारंभ, किती तास, किती माणसे येणार
• दुरुस्त केलेल्या किती फाइल, कोणत्या आकाराच्या, किती दिवसांत
• रॉ फाइल मिळणार की नाही
• अल्बम असल्यास आकार, शीटची संख्या, कागद आणि निवडीची मुदत
• जादा प्रिंटचा दर
• पैशांचे टप्पे आणि काम रद्द झाल्यास किती परत
• फोटो जाहिरातीसाठी वापरायचे की नाही
• स्टुडिओत प्रत किती महिने राहील आणि नंतर मागितल्यास काय आकारणी

नातेवाइकांच्या कामाचे काय? भाचीच्या लग्नात भाव कसा सांगायचा, हा प्रश्न प्रत्येक फोटोग्राफरला पडतो. एक चांगली रीत आहे. त्याच पानावर पूर्ण भाव लिहावा आणि खाली आपण सोडलेली रक्कम 'मामाकडून भेट' म्हणून वजा दाखवावी. घेणाऱ्याला भेटीचे मोल कळते, बिरादरीत "त्याने तर पाच हजारांत केले" अशी चुकीची बातमी पसरत नाही आणि मामालाही आपण किती दिले हे माहीत राहते. अल्बमचा लॅबचा खर्च मात्र भाचीच्या घरच्यांनीच द्यावा. लॅबवाला कुणाचा मामा नसतो.

आता पुढच्या वेळी फोटोग्राफरसमोर बसाल, तेव्हा "पेनड्राइव्हचे किती?" याऐवजी "तुमच्या कामाचे किती, फाइलचे किती आणि प्रिंटचे किती?" असे विचारून पाहा. ज्याच्याकडे तीन वेगळी उत्तरे असतील, त्याने आपला हिशेब केलेला आहे. अशा माणसाला पुढच्या लग्नातही बोलावता येईल, कारण त्याचा स्टुडिओ तेव्हाही उघडा असेल.